बंद ट्रकचे इंजिन सुरू करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

अकरा वर्षे उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन पुन्हा चालू करून देतो असे सांगून आमच्याकडून एकूण १ लाख ६२ हजार रुपये घेण्यात आले. त्या बदल्यात जे काम केल्याचे लिहून दिले होते त्यातले बरेचसे झालेच नव्हते, आणि वर इंजिनातला चांगला क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) व मूळचा डिझेल पंप आमच्या नकळत बदलला गेला. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की याच पद्धतीने, किंबहुना आम्हाला पाठवलेल्या खराब इंजिनाच्या फोटोंच्याच आधाराने, आमच्या भागातल्या आणखी एका ट्रकमालकाला गंडवल्याचे नंतर आम्हाला समजले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचे किंवा मिस्त्रीचे नाव येथे देत नाही.

ट्रक टाटा १२१०, १९८८ सालचा. वडिलांनी तो ऊस, गूळ आणि विटा वाहण्यासाठी चालवला आणि २०१३ मध्ये त्यांची तब्येत बिघडल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. त्यात टाटाचे ६९२ इंजिन आहे. सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, म्हणून ६९२. पुढे आलेल्या ९७ मिलिमीटर बोअरच्या इंजिनाला त्याच हिशेबाने ६९७ म्हणत. ही मापे पुढे कामाला येणार आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो. हे साधे, जुन्या घडणीचे, संगणक किंवा सेन्सर नसलेले इंजिन आहे आणि नीट ठेवले तर फार वर्षे टिकते. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, येत्या गळीत हंगामात हा ट्रक स्वतः चालवायचा असे ठरवले. नव्या गाडीचे हप्ते परवडणारे नव्हते.

आमचे गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शेडमध्ये पाणी आले होते. ते ट्रकच्या चाकांच्या हबपर्यंत पोचले, इंजिनाच्या चेंबरपर्यंत, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यापर्यंत, मात्र नाही. शेडच्या भिंतीवर गाळाची रेघ अजूनही दिसते आणि चेंबरचा तळ त्या रेघेच्या बराच वर आहे. तरीही पुराचा उल्लेख निघाला की सर्वांच्याच मनात शंका येते, आणि त्या मिस्त्रीने नेमकी हीच शंका हेरली.

एका स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याचा संपर्क मिळाला होता. तो एका पोऱ्यासह आला, बॉनेट उघडले, पुराबद्दल विचारले, आणि क्रँकच्या पुढच्या नटावर लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून जोर दिला. इंजिन तसूभरही हलले नाही. मग दादांनाही जोर लावायला सांगितले. त्यांनाही ते हलेना. यावर मिस्त्रीने निर्णय दिला, "इंजिन जाम आहे. पाणी आत गेलंय. बोअर गंजलेत, ब्लॉकसुद्धा फुटलेला निघेल. इथं काही व्हायचं नाही, खाली उतरवून गॅरेजला न्यावं लागेल." त्याने ९० हजारांचा अंदाज सांगितला, ४० हजार आगाऊ घेतले, आणि इंजिन टेम्पोत घालून नेले. चेंबरचा बोल्ट उघडून तेल पाहिले नाही, डिझेल फवारणारे नोझल काढून सिलिंडरमध्ये डोकावले नाही. पाणी गेल्याचा दावा खरा असता तर तो तिथल्या तिथे तपासता आला असता, कारण पाणी तेलापेक्षा जड असते आणि चेंबरचा ड्रेन बोल्ट सैल केला की आधी पाणीच बाहेर येते. तेलात ते घुसळले गेले असेल तर तेल दुधी चहासारखे दिसते.

इंजिन का हलले नाही याचा उलगडा फार पुढे झाला, पण तो इथेच सांगतो, कारण फसवणुकीचे मूळ त्यातच आहे. इंजिन नेल्यानंतर आम्ही शेडचा पत्रा बदलण्यासाठी ट्रक ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढला. जाम झालेले ब्रेक त्याआधी सोडवावे लागले होते. ट्रक सरकत असताना गिअरबॉक्सच्या उघड्या तोंडातला शाफ्ट गरगर फिरत होता, हे पुतण्याने पाहिले आणि गंमत म्हणून त्याचा व्हिडिओही काढला. चाकांबरोबर तो शाफ्ट फिरतो याचा अर्थ गाडी गिअरमध्ये आहे. वडिलांची सवयच होती: गाडी उभी करताना पहिला गिअर टाकायचा आणि चाकांना दगड लावायचे. म्हणजे मिस्त्रीने टॉमी लावली तेव्हा इंजिन क्लच आणि गिअरबॉक्समार्फत मागच्या चाकांना जोडलेले होते, आणि ती चाके गंजलेल्या ब्रेक ड्रममध्ये पक्की धरलेली होती. अशा स्थितीत नवे कोरे इंजिनही टॉमीने फिरणार नाही. गाडी न्यूट्रल करणे ही या तपासणीची पहिली पायरी आहे आणि इतकी वर्षे ट्रकची कामे करणाऱ्या माणसाला ती माहीत नव्हती, हे मानायला मी तयार नाही.

चार-पाच दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आले. एका सिलिंडरच्या भिंतीवर लाल गंजाचे जाड थर, क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) खोल खड्डे, आणि ब्लॉकवर खडूने गोल करून दाखवलेली एक बारीक रेघ. खाली निरोप होता की खर्च वाढेल. आम्ही गॅरेजला जाऊन पाहू म्हटल्यावर ब्लॉक बोअरिंगला आणि क्रँक ग्राइंडिंगला दुसरीकडे पाठवल्याचे सांगण्यात आले. दादा तरीही गेले, तेव्हा कोपऱ्यात एका पत्र्यावर काही भाग ठेवलेले होते, पण ते आमचेच आहेत हे ओळखण्याचा कोणताही मार्ग नव्हता. दादांनी काम थांबवण्याचा विषय काढताच बोलण्याचा सूर बदलला. "थांबवा की. आत्तापर्यंतची मजुरी द्या आणि उघडं इंजिन पोत्यात भरून न्या," असे उत्तर मिळाले. सुटे झालेले इंजिन हे एक प्रकारचे ओलीस असते. ते दुसरा मिस्त्री सहसा हातात घेत नाही, कारण काय हरवले आणि काय आधीच बिघडलेले होते याची जबाबदारी त्याच्यावर येते. आम्ही पैसे देत गेलो.

शेवटी मिळालेल्या बिलात ब्लॉक बोअर करणे, ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे) पिस्टन व रिंगचा संच, क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह गाइड, सहा नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, क्लच प्लेट, पॅकिंग संच आणि मजुरी असे सगळे लिहिलेले होते. बिल साध्या छापील पावतीवर होते. जीएसटी क्रमांक होता, पण पुढे जीएसटीच्या पोर्टलवर शोधला तेव्हा त्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली दिसली. हे कोणालाही मोबाइलवर फुकट तपासता येते आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. जुने पिस्टन आणि बेअरिंग मागितले तर ते भंगारात गेल्याचे सांगितले.

इंजिन बसवल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू झाले. आवाज चांगला, ऑइलचा दाब चांगला, धूर जवळजवळ नाही. रंगही नवा दिलेला. सगळे घर शेडजवळ जमले होते आणि मिस्त्रीला पेढे देऊन निरोप दिला गेला. ऊसतोड सुरू होईपर्यंत रिकामी गाडी थोडीफार फिरली तोवर काही जाणवले नाही, पण भरलेल्या गाडीने चढ चढायला सुरुवात केल्यावर निळसर धूर येऊ लागला, ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफेसारखा दाब बाहेर पडू लागला, आणि इंजिन तापल्यावर मंद चालीत ऑइलचा काटा जवळजवळ तळाला टेकू लागला. मिस्त्रीने आधी "रिंग बसायला वेळ लागतो" असे सांगितले, मग डिझेलला दोष दिला, मग चालवणाऱ्याला, आणि त्यानंतर फोन घेणे बंद केले.

इंजिन पुन्हा उघडले ते तासगावच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. २००९ साली याच इंजिनाचे काम त्यांनीच केले होते, हे आम्हाला वडिलांच्या वहीवरून कळले. वडील गाडीच्या प्रत्येक खर्चाची नोंद ठेवत, आणि त्या वर्षीच्या पानावर "स्लीव्ह व पिस्टन नवे, स्टँडर्ड, क्रँक स्टँडर्ड, फक्त पॉलिश" असे लिहिलेले होते. स्लीव्ह म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, आणि स्टँडर्ड म्हणजे मूळ मापाचे. खाली पंपाचा क्रमांकही होता. या एका पानाने आमचे पुढचे सगळे काम सोपे केले.

मिस्त्रींनी सर्वांत आधी तेल काढले. ते काकवीसारखे दाट होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गरजेपेक्षा जाड तेल आणि त्यात घट्टपणा वाढवणारे रसायन घातले की झिजलेल्या बेअरिंगमधूनही काही काळ दाब टिकतो आणि रिंगमधून तेल वर जाणेही तात्पुरते कमी होते. म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही जे ऐकले आणि पाहिले ते बऱ्याच अंशी तेलाचे काम होते. मग हेड काढले. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी नखाला अडकेल अशी पायरी होती. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत भिंत झिजते आणि तिच्या वरचा भाग तसाच राहतो, त्यामुळे ही पायरी तयार होते; बोअरिंग मशीनवर ब्लॉक चढला की ती नाहीशी झाल्याशिवाय राहत नाही. मापही घेतले. ०.५० ओव्हरसाइज बोअर ९२.५० मिलिमीटरचा असायला हवा. आमचा तळाशी ९२.०५ आणि पायरीखाली सर्वांत झिजलेल्या जागी ९२.२८ होता. भिंतीवर फक्त होनिंगच्या दगडाने उभे-आडवे चरे मारलेले होते, जे वरवर पाहणाऱ्याला नव्या बोअरसारखे दिसतात. पिस्टनच्या डोक्यावर "एसटीडी" असा शिक्का होता. ते आमचेच जुने पिस्टन, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेले. रिंग मात्र नव्या होत्या, पण कोणत्या बनावटीच्या ते कळण्यासारखी एकही खूण त्यांच्यावर नव्हती.

क्रँकचा प्रकार याहून वाईट होता. बेअरिंग शेलच्या पाठीवर ०.७५ असा आकडा होता, म्हणजे जर्नल पाऊण मिलिमीटर ग्राइंड केलेले. जर्नलवर खरेच खोल खड्डे असते तर इतके काढणे अशक्य नाही, आणि फोटोतला क्रँक आम्हाला त्यासाठीच दाखवला होता. परंतु २००९ च्या कामात मिस्त्रींनी फ्लायव्हील पुन्हा त्याच जागी बसावे म्हणून फ्लायव्हीलवर आणि क्रँकच्या फ्लँजवर समोरासमोर पंचाने टिंबे मारली होती. फ्लायव्हीलवरचे टिंब जागेवर होते. फ्लँजवर टिंब नव्हते. कनेक्टिंग रॉड आमचेच होते, त्यांवरच्या खुणा जुळल्या. याचा अर्थ आमचा स्टँडर्ड मापाचा क्रँक काढून घेऊन त्या जागी कुठल्यातरी दुसऱ्या इंजिनाचा, शेवटच्या मापांपर्यंत आलेला क्रँक बसवला होता. एकदाही ग्राइंड न झालेल्या जुन्या क्रँकला बाजारात चांगली किंमत येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पंपावरची क्रमांकाची पट्टी काढून टाकलेली होती, रिवेटची भोके तेवढी शिल्लक होती, आणि नोझल धुऊन पुन्हा बसवलेले जुनेच निघाले.

ब्लॉक मात्र आमचाच होता. आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळला. तो बदलला असता तर आम्ही कितीतरी मोठ्या संकटात सापडलो असतो, कारण आरटीओकडे नोंद न करता दुसरा ब्लॉक बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतो आणि तो ब्लॉक चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलिस आधी आपल्याच दारात येतात. इंजिन गॅरेजमधून परत आल्यावर क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घ्यावी आणि आकडे एकसारखे, एका ओळीत, मूळ पृष्ठभागावरच आहेत ना हे पाहावे. जाण्यापूर्वीही अशीच छाप घेऊन त्यावर गॅरेजवाल्याची सही घेतली तर अधिक चांगले. पंपाचा क्रमांक, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या पट्ट्या यांचेही फोटो काढून ठेवावेत.

तासगावच्या मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. वर्षानुवर्षे कोरड्या जागेत उभे राहिलेले जुने डिझेल इंजिन बहुधा वाया गेलेले नसते. जिथे व्हॉल्व्ह उघडा राहिला त्या एखाद्या सिलिंडरमध्ये दमट हवेने हलका गंज धरतो आणि रिंग तिथे चिकटते. त्यावर त्यांची रीत अशी: गाडी न्यूट्रल करायची, सहाही नोझल काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण ओतायचे आणि काही दिवस तसेच राहू द्यायचे. मग फ्लायव्हील हलक्या हाताने मागेपुढे झुलवायचे, जोर करायचा नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, कारण अडकलेल्या रिंगवर सेल्फचा झटका बसला तर ती तुटून भिंत ओरबाडते. इंजिन मोकळे झाल्यावर जुने तेल व फिल्टर बदलायचे, नोझल बाहेर असतानाच सेल्फने फिरवून ऑइलच्या दाबाचा काटा वर आणायचा, टाकीच्या तळातले पाणी आणि चिकट गाळ काढून टाकायचा, आणि मगच डिझेलच्या लाइनची एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढायची.

पंपाबाबत त्यांनी विशेष बजावले. जुने डिझेल सुकून गोंदासारखे होते आणि पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) जिथे असेल तिथे अडकतो. तो पूर्ण डिझेलच्या जागी अडकला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते आणि स्टॉपची तार ओढूनही बंद होत नाही. म्हणून सुरू करण्याआधी पंपाची बाजूची झाकणपट्टी उघडून रॅक बोटाने सरकतो का ते पाहायचे, आणि पहिल्या वेळी एका माणसाने एअर क्लीनर काढून हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभे राहायचे. हवा तोडली की कोणतेही डिझेल इंजिन थांबते. यातल्या कोणत्याही कामासाठी इंजिन चासीवरून उतरवावे लागत नाही. त्यांच्या अंदाजाने आमचे इंजिन असे केले असते तर तेल, फिल्टर, पॅकिंग, नोझलची सेटिंग आणि मजुरी धरून २० ते २५ हजारांत ऊस ओढायला तयार झाले असते. पाणी गेल्याची एकही खूण त्यांना ब्लॉकमध्ये दिसली नाही, आणि खडूने गोल केलेली ती फूटही सापडली नाही.

फोटोंचे रहस्य तिथेच उलगडले. मिस्त्रींकडे कामाला आलेल्या विट्याच्या एका ट्रकमालकाने आमचे फोटो पाहून स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यांच्या इंजिनाचे म्हणून आलेले तेच तीन फोटो दाखवले: तोच गंज, तेच खड्डे, खडूचे तेच गोल. त्यांची गाडी पुराच्या पाण्यापासून कितीतरी दूर उभी असायची, तरीही त्यांनाही पाणी आत गेल्याचेच सांगितले होते. फक्त पुराऐवजी फाटलेल्या ताडपत्रीतून गळणाऱ्या पावसाचे कारण दिले होते.

पोलिस ठाण्यात आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली. अर्ज घेतला, पोच दिली, आणि ही दिवाणी बाब आहे असे तोंडी सांगितले. क्रँक आणि पंप बदलल्याचा मुद्दा वेगळा अर्ज करून मांडल्यावर चौकशी सुरू झाली आहे. दुसरीकडे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत यावे लागते. समोरच्या वकिलांचा पहिलाच आक्षेप असा होता की ट्रक धंद्यासाठी वापरला जातो, म्हणून आम्ही ग्राहक नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे खरी, परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी केलेला वापर त्या हेतूत मोडत नाही. दादा स्वतः गाडी चालवतात, नोकर ठेवलेला नाही, दुसरी गाडी नाही, हे आम्हाला परवाना, बँकेचे उतारे आणि कारखान्याच्या वाहतूक पावत्या जोडून दाखवावे लागले. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि बिल ज्याच्या नावाने आहे ती माणसे वेगवेगळी असल्यास आधी तेवढे निस्तरून घ्यावे. आमच्याकडे वारसनोंद झालेली असल्याने तो पेच पडला नाही.

दुसऱ्यांदा इंजिन उघडताना मिस्त्रींनी हेड काढण्याच्या आधीपासून व्हिडिओ काढायला लावला, मापे घेताना डायलचा आकडा दिसेल असा मोबाइल धरायला सांगितला, आणि दोन त्रयस्थ माणसांच्या सह्यांसह पंचनामा लिहवून घेतला. वकिलांच्या मते आमची बाजू त्यावरच उभी आहे. काढलेले पिस्टन, बेअरिंग शेल, रिंग आणि तो परका क्रँक आम्ही ग्रीस लावून खोक्यात बंद ठेवले आहे.

सांगली, सातारा किंवा कोल्हापूर भागात कोणाला बंद गाडीच्या इंजिनाचे असे फोटो आले असतील, विशेषतः ब्लॉकवर पांढऱ्या खडूने काढलेल्या गोलात तिरपी रेघ दिसत असेल, तर तो निरोप मोबाइलमधून पुसू नये आणि केवळ स्क्रीनशॉटवरही विसंबू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ज्या मोबाइलवर मूळ निरोप आला तो हाताशी असल्यास ते काम सोपे होते. विट्याच्या त्या गृहस्थांनी आपला मोबाइल तसाच जपून ठेवला आहे आणि आमच्या प्रकरणात साक्ष देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांची स्वतःची तक्रार येत्या महिन्यात दाखल होईल.